जुन्या नाशकातला वाडा, तीन खोल्या आणि सकाळची न्याहारी: घरच्या वाड्यात पाहुणे ठेवायचे तर

वाड्यात पाहुणे ठेवायचे असं घरात ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आमच्याकडेही तेच झालं. दिंडी दरवाजाला पॉलिश, ओसरीला गेरूचा पट्टा, चौकात झोपाळा. फोटो छान आले. पहिल्याच पावसात मध्यरात्री माडीवरच्या कडीपाटातून, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छतातून, पाहुण्यांच्या अंथरुणावर मातकट पाणी ठिबकायला लागलं. पुण्याचं कुटुंब होतं. भली माणसं, तक्रार न करता सकाळी पूर्ण पैसे देऊन गेली. ते पैसे हातात घेताना जी लाज वाटली, ती या लेखाच्या मुळाशी आहे.

आमचा वाडा तिवंध्याच्या बाजूला. तिथे, सोमवार पेठेत, तांबट आळीत, भद्रकालीत, गोदावरीपलीकडे पंचवटीत असे वाडे अजून उभे आहेत. दर पावसाळ्यात त्यातला एखादा बसल्याची बातमी येते, दारांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात, आणि मालकाला दोनच वाटा दिसतात: बिल्डरला द्यायचा किंवा कुलूप लावून पडायची वाट बघायची. घरात राहूनच दोन-तीन खोल्यांत पाहुणे घ्यायचे, ही तिसरी वाट अहमदाबादच्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांत, आणि तमिळनाडूतल्या चेट्टिनाडात चांगली मळलेली आहे. आपल्याकडे ती चालायची तर पैसा आधी छपराला, मग पाण्याला आणि कागदांना. रंगाऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

कागद: आत्याच्या सहीपासून पूररेषेपर्यंत

जुन्या गावठाणात सातबारा चालत नाही. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. बहुतेक वाड्यांच्या कार्डावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव असतं. आधी वारसनोंद करून घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा आत्या आणि बहिणी धरूनच हिशेब मांडा. कोणी हक्कसोड पत्र देईल, कोणी वाटणी मागेल, कोणी फक्त संमतीपत्रावर सही करेल. काहीही होवो, लेखी होऊ द्या. पैसे येऊ लागले की तोंडी संमती विरायला वेळ लागत नाही. आमच्या धाकट्या काकांनी सही दिली ती दोन अटींवर: देवघराशेजारची खोली पाहुण्यांना द्यायची नाही, आणि गणपतीत वाडा घरच्यांचा. दोन्ही अटी तेव्हा जाचक वाटल्या होत्या. आता त्याच धंद्याचे नियम झाल्या आहेत.

वाड्यात जुने भाडेकरू असतील तर त्यांना डावलून काही करायला जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ त्यांच्या बाजूने उभा आहे. त्यांचा जिना, नळ, संडासाची वाट तुम्ही बदलू शकत नाही. आमच्या पुढच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू आजी आहेत. सुरुवातीला परक्या माणसांच्या येण्याजाण्याला त्यांचा विरोध होता. आता थालीपिठाची भाजणी आणि पापड आम्ही त्यांच्याकडूनच विकत घेतो, आणि पाहुणा रात्री उशिरा आला तर त्याची खबर आमच्याआधी त्यांना असते.

महापालिकेच्या नगररचना विभागात दोन गोष्टी विचारा. वाडा वारसा यादीत आहे का, हे पहिलं. असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगी लागेल. दुसरी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढतं ती हद्द. निळ्या आणि लाल रेषेचे नकाशे बघाच, पण शेजारच्या म्हाताऱ्यांनाही विचारा. १९६९ ला पाणी कुठवर आलं, २००८ ला कुठवर, २०१६ आणि २०१९ ला कुठवर, हे ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नाशिककर पूर मोजतो तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: कमरेला, छातीला, गळ्याला. तुमच्या वाड्यात कितव्या खुणेला पाणी शिरतं ते एकदा कळलं की तळमजल्यावरची खोली जुलै ते सप्टेंबर द्यायची नाही, आणि विजेचा एकही सॉकेट त्या खुणेखाली बसवायचा नाही.

वाडा तपासायचा तो भर पावसात

उन्हाळ्यात प्रत्येक वाडा धडधाकट दिसतो. जुलैत, तीन दिवसांची झड लागलेली असताना, बॅटरी, पेचकस आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा वजनाचा दोरा) घेऊन फिरा. कौलांखालचे डाग, वळचणीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, पन्हळ कुठे फुटली, चौकातलं पाणी किती वेळ तुंबतं, हे सगळं त्या एका फेरीत कळतं.

मग लाकूड. सागवान शे-दोनशे वर्षं सहज टिकतं, पण कुजतं ते नेमक्या न दिसणाऱ्या जागी. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक ओल पिऊन आतून भुसा होतं आणि बाहेरून नक्षी तशीच राहते. खांब कुजतो तो तळखड्याला, म्हणजे खालच्या दगडी बैठकीला, टेकतो तिथे, विशेषतः कोणी मधल्या काळात फरशी टाकून तळखडा बुजवला असेल तर. हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कोणालाही कळतो. संशय आला तर पेचकस टोचून बघा, दोन बोटं आत गेला तर सुताराला बोलवा. सगळा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. टेकू देऊन खालचा कुजका भाग कापायचा आणि जुनंच सागवान सांध्यात बसवायचं. पडलेल्या वाड्यांचं लाकूड नाशकात विकत मिळतं. तो सौदा करताना मन थोडं खातं, पण त्या लाकडाला अजून शंभर वर्षं मिळतात.

भिंतींना ओळंबा लावा. फुगवटा आणि तिरकी भेग ही दोन लक्षणं स्वतः ठरवायची नाहीत. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच आहे. मात्र अभियंता निवडताना एकच प्रश्न विचारा: माती, चुना आणि लाकडाच्या किती इमारती तुम्ही दुरुस्त केल्या? नुसतं आरसीसीचं काम केलेला माणूस वाड्याकडे बघून "पाडा" म्हणतो, कारण त्याच्या कोष्टकात पांढऱ्या मातीची भिंत बसत नाही. उलट, जाणकार माणसाने सी-१, म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी, असा शेरा मारला तर तो विषय तिथे संपला. त्या घरात पाहुणा काय, आपणही झोपायचं नाही.

छताचं वजन बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कडीपाटावर मातीचा थर असतो. दर पिढीने त्यावर भर घातलेली असते. दहा बाय दहाच्या खोलीवर चार इंच मातीचं वजन सुमारे दीड टन होतं. त्यावर कोणी सिमेंटचा माल घालून फरशी बसवली की आणखी टनभर. आमच्या माडीवरची जमीन उकरली तर तीन थर निघाले, खालच्या थरात बांगड्यांचे तुकडे आणि एक ढब्बू पैसा. नुसती जास्तीची माती उतरवल्यावर खालच्या तुळईचा झोल डोळ्याला दिसण्याइतका कमी झाला.

चुना

सिमेंटने वाडे जितके मारले तितके पुरानेही मारले नसतील. माती-विटांची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगावरून हवेत सोडते. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ती वर चढते, तुळईच्या टोकापर्यंत पोचते. दोन-तीन वर्षांनी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि सोबत जुन्या विटेचा तोंडवळा घेऊन येतो.

चुन्याचं काम असं करा. कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा आणि निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग वाळू, ओलीच्या जागी वाळूतला काही भाग काढून विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत अजून काही कारागीर पाळतात. थर पातळ, एकावर एक. पहिला आवळला की दुसरा. वर ओली गोणपाटं, उन्हाचा झोत नको. हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात चुना धरत नाही आणि वैशाखात तडकतो. गवंडी शोधायचा तर देवळांची आणि घाटांची डागडुजी करणाऱ्यांत शोधा. आमचा मिस्त्री त्र्यंबकच्या बाजूचा. एका कोपऱ्यात घाई म्हणून मी सिमेंटची अर्धी गोणी आणून ठेवली होती. ती बघून तो म्हणाला, "दादा, हे लावायचं असेल तर उद्यापासून दुसरा माणूस बघा." गोणी शेजाऱ्याला दिली.

वाळवीसाठी जमिनीतली प्रक्रिया जाणकाराकडून करून घ्या आणि त्यानंतर खोली काही दिवस उघडी ठेवा. लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी देऊन, सुकल्यावर जवसाचं तेल. ऑइलपेंट नको. आधीच्या कोणी खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट फासला असेल तर तो खरवडायला जितके दिवस लागतील तितके लागू द्या.

संडास-बाथरूम: सगळा धंदा इथे ठरतो

पाहुणा नक्षीदार तुळई बघून येतो आणि बाथरूम बघून परत येतो किंवा येत नाही. वाडा बांधणाऱ्याने मोरी परसात ठेवली ती उगाच नव्हे. ओलं काम लाकूड-मातीपासून लांब ठेवायचं, हा त्यामागचा विचार आजही सोडू नका.

सगळ्यात बरी जागा मागची पडवी किंवा परसू. तिथे स्वतःच्या पायावर उभं राहणारं वेगळं बांधकाम करा, वाड्याच्या भिंतीला खेटून पण तिच्यावर भार न टाकता. वाड्याचं जोतं उंच असतं, त्यामुळे उताराला खोली आपसूक मिळते. चार इंची मैल्याच्या पाइपला चाळीसास एक उतार धरा, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. पाइप भिंतीत गाडू नका. बाहेरून दिसले तर दिसू द्या. गळती पहिल्या दिवशी दिसणं हे भिंतीला ओल आल्यावर कळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

माडीवरच्या खोलीला बाथरूम हवंच असेल तर कडीपाटावर विटांचं आणि कोब्याचं काम करू नका. मागच्या बाजूने जमिनीपासून लोखंडी सांगाडा उभा करा, त्यावर सिमेंट बोर्डाची हलकी खोली बसवा आणि जुन्या खिडकीच्या जागी दार काढा. हे जमत नसेल तर ती खोली खालच्या स्वतंत्र बाथरूमसह द्या आणि जाहिरातीत पहिल्या ओळीत तसं लिहा. लोक चालवून घेतात. आल्यावर कळलेलं चालवून घेत नाहीत.

पाण्याच्या टाकीबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा: हजार लिटर म्हणजे एक टन. ती जुन्या छपरावर ठेवायची नसते. परसात जमिनीवर टाकी आणि छोटा प्रेशर पंप. शहरी माणसी रोजचं पाणी १३५ लिटर धरतात. तीन खोल्यांतले सहा जण आणि घरचे पाच मिळून दीड हजार लिटर होतात. नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, म्हणून दोन दिवसांचा साठा ठेवा.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. पंधरा लिटरचा विजेचा गिझर पुरे. तांब्याचा बंब चौकात पेटवला तर पाहुणे त्याच्याभोवतीच उभे राहतात, पण तो घरच्या माणसाच्या हाताखालीच असावा.

आणि एक क्षुल्लक गोष्ट, जी मला दोन वर्षांनी कळली. खोली आठ-दहा दिवस रिकामी राहिली की नहाणीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास, झुरळं थेट खोलीत येतात. रिकाम्या खोलीतही दर तीन दिवसांनी जाळीत तांब्याभर पाणी ओता. यावर मी आधी किती उदबत्त्या जाळल्या ते विचारू नका.

चौकात आड असेल तर त्यावर मजबूत जाळी आणि आत गप्पी मासे, डासांसाठी.

वीज आणि आग

जुनी लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग पूर्ण काढा. अर्धी ठेवून भागत नाही. पाइपातून तांब्याची आगरोधक वायर, नवीन अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. एसी हवा का? दोन फुटी मातीच्या भिंतीची तळमजल्यावरची खोली मे महिन्यातही पंख्यावर निभते. माडी कौलांमुळे तापते. तिथे एसी लावायचा तर बाहेरचं यंत्र जुन्या भिंतीला टांगू नका, जमिनीवर ठेवा.

वाड्यात आग म्हणजे काय ते सांगायला नको. प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म, प्रत्येक मजल्यावर आग विझवायचं एबीसी पावडरचं नळकांडं, आणि घरातल्या प्रत्येकाला ते चालवता आलं पाहिजे. माडीला भिंतीतला एकच अरुंद जिना असेल तर मागून दुसरी वाट काढल्याशिवाय तिथे कोणाला झोपवू नका. जिन्याला धरायला जाड दोर बांधा, डोकं आपटण्याच्या तुळईवर काहीतरी मऊ गुंडाळा आणि रात्रीचा दिवा ठेवा. खोलीत समई, धूप, सिगारेट बंद.

खोल्या किती आणि कोणत्या

तीन. चार नकोतच. चौथी खोली घेतली की नोकर वाढतो, गाद्या वाढतात, आणि तुम्ही घरात राहता की लॉजच्या काउंटरवर, हे कळेनासं होतं. माजघर, स्वयंपाकघर, देवघर घरच्यांचं. ओसरी आणि चौक सगळ्यांचा.

खोलीत घालायचं सामान बाजारातून "अँटिक" म्हणून आणू नका. माळ्यावर चढा. आजीची पेटी, पितळी डबे, फडताळाची दारं, बिजागरी सुटलेला आरसा तिथेच सापडेल. पलंग मात्र नवा, गादी चांगली. जुन्या पलंगावर पाठ धरलेल्या पाहुण्याला इतिहास सांगता येत नाही. कोनाड्यात चार्जिंगची सोय करा. नाशकात डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते, तेव्हा प्रत्येकी एक गोधडी आणि एक जादा. मातीच्या भिंती वायफाय अडवतात, त्यामुळे माडीवर वेगळं राउटर लागतं.

नोंदणी आणि कर

राज्याची निवास व न्याहारी योजना पर्यटन संचालनालयाकडे आहे, त्यांचं प्रादेशिक कार्यालय नाशकातच आहे. मालकीचे कागद, सहहिस्सेदारांची संमती, पोलिसांचा दाखला आणि फोटो लागतात. अधिकारी येऊन पाहून जातात. केंद्राचीही अशीच योजना आहे: एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे, आणि रौप्य किंवा सुवर्ण असा दर्जा. हेरिटेज हॉटेल हा वेगळा प्रकार, १९५० पूर्वीच्या इमारतींसाठी; तीन खोल्यांच्या वाड्याने त्या फंदात पडू नये. वीज, पाणी, घरपट्टी घरगुती दरानेच राहील ना, याचं उत्तर महावितरण आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडून लेखी घ्या. आमच्या एका परिचितांना तोंडी "हो हो" मिळालं होतं, वर्षाने व्यावसायिक दराचं बिल आलं.

न्याहारी देणार म्हणजे अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बुकिंग ॲपवरून आलेल्या पाहुण्याचा जीएसटी तेव्हा ॲपवाली कंपनीच भरते. नोंदणी असेल तर ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. प्राप्तिकरात हे उत्पन्न दाखवावं लागतंच.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून वहीत नोंद. आधार दिलं तर आकडे झाकलेली प्रत घ्या. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा, यात हयगय नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातून बाहेर पडलेली परदेशी मंडळी शहरात एक-दोन रात्री राहतात, म्हणून हा फॉर्म वरचेवर भरावा लागतो. कोणी "दोन-तीन महिने राहतो, स्वस्तात द्या" म्हणालं तर ते न्याहारीचं गिऱ्हाईक नव्हे. तिथे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार लागतो. नाहीतर नम्रपणे नाही म्हणा.

न्याहारी

इडली-सांबार करू नका, ते लोकांना हायवेवर मिळतं. आमच्याकडे एका दिवशी एकच पदार्थ असतो: थालीपीठ-लोणी, फोडणीची पोळी, दडपे पोहे, उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे आणि दाण्याची आमटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटात द्राक्षं. मिसळ घरी करायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. नाशकात प्रत्येकाचं मिसळीचं ठिकाण ठरलेलं असतं आणि पाहुण्याला तिकडे पाठवणं हाच खरा पाहुणचार. घरात झालेल्या पहिल्याच वादाचा विषय मिसळच होता, काळा रस्सा की लाल.

वेळेचं बघा. त्र्यंबकेश्वरला पूजेला जाणारे पहाटे पाचला निघतात, तेव्हा त्यांच्यासाठी रात्रीच डबा भरून ठेवा आणि पहाटे फक्त चहा. द्राक्षमळे आणि वायनरी बघायला आलेले नऊपर्यंत उठत नाहीत. दोघे एकाच दिवशी असले की स्वयंपाकघर पाच तास चालू राहतं. मदतीला बाई असेल तर तिला याचे वेगळे पैसे द्या. कांदा-लसूण न खाणारे बरेच येतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यायचं. मद्य आणि मांसाहाराचा घरचा नियम काय तेही तेव्हाच सांगा. वायनरीतून बाटली घेऊन आलेल्या पाहुण्याला चौकात, तुळशीवृंदावनासमोर, नियम समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली आहे. दोघेही अवघडलो होतो.

गल्ली

गाडी दारापर्यंत येत नाही, हे जाहिरातीत ठळक लिहा. गाडी कुठे लावायची, तिथून किती मिनिटं चालायचं आणि सामान आणायला कोण येईल, हे आदल्या दिवशी फोनवर कळवा. सकाळी देवळांच्या घंटा, अजान, नळावरची भांडणं आणि तांबट आळीत ठोक्यांचा आवाज असतो. शांतता हवी असणाऱ्याने गंगापूर धरणाच्या बाजूला राहावं, आणि हे मी फोनवर सरळ सांगतो. असे दोन पाहुणे गेले तरी चालतात, एक वाईट शेरा टळतो.

ज्यांना हेच हवंय त्यांच्यासाठी मात्र जुनं नाशिक खजिना आहे. चालत पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत सरकारवाडा, वसईहून आणलेल्या घंटेचं नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायण, रामकुंड, आणि काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. चैत्रातला रामाचा आणि गरुडाचा रथ, धुळवडीला वीरांची मिरवणूक. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, रस्त्याखालचे दगडी हौद रंगाने भरतात आणि माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. त्या दिवशीच्या खोल्या आमच्याकडे महिनोन्‌महिने आधी जातात. पाहुण्यांना सांगून ठेवा: जुने कपडे, आणि रंग जायला आठवडा लागतो. चादरीही त्या दिवशी जुन्याच घाला.

सिंहस्थाच्या २०२६-२७ च्या पर्वात दर चौपट करायचा मोह होईल. गर्दीच्या दिवसांत रस्ते बंद असतात, पाणी-कचऱ्याची ओढाताण असते, आणि वाड्याच्या लाकडी जमिनीवर एका खोलीत आठ-दहा जण झोपवणं म्हणजे वजनाचाही प्रश्न आहे. दोन माणसांच्या खोलीत दोनच.

हिशेब

समजा खोलीचा दर २,५०० आणि वर्षात ३३० दिवस उघडं, त्यात तिन्हींपैकी सरासरी एक खोली भरलेली. म्हणजे ८ लाख २५ हजार. न्याहारी, धुलाई, साबण मिळून खोलीमागे रोजचे ६०० धरले तर दोन लाखांच्या आसपास. मदतनिसाचा पगार एक लाख वीस हजार. निम्मी बुकिंग ॲपवरून आली तर १५ टक्क्यांनी साठेक हजार कमिशन. वीज, इंटरनेट साठ हजार. उरतात पावणेचार लाखांच्या आसपास. यातला निम्मा वाटा वेगळ्या खात्यात टाकायचा, तो वाड्याचा. उरलेल्यातून भाऊबंदांचा हिस्सा. यात नोकरी सोडण्याजोगं काही नाही हे दिसतंच आहे. विमा काढताना लाकूड-मातीचं बांधकाम आणि पाहुणे ठेवतो हे दोन्ही लिहून द्या. लपवलं तर दावा बुडतो.

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही तीन आठवडे बुकिंग बंद ठेवतो. शाकारणी तेव्हाच होते: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे बघायचे, पन्हळी साफ करायच्या, कौलं परत चढवायची. उन्हाळी सुट्टीचे पाहुणे याच दिवसांत सगळ्यात जास्त विचारतात आणि काकू दरवर्षी विचारते की यंदा जूनला ढकलता येणार नाही का. पुण्याच्या त्या कुटुंबाला गेल्या वर्षी जुलैत परत बोलावलं, तीच माडीवरची खोली, पैसे न घेता. रात्रभर पाऊस होता. सकाळी त्यांच्या मुलाने सांगितलं की तो मुद्दाम जागा राहून छताकडे बघत होता.